तलावाच्या पाळीवरची शैवाकं: पाण्यापासून वरपर्यंतचे पट्टे कसे मोजायचे, कसे नोंदवायचे

समुद्रकाठच्या खडकांवर शैवाकांचे, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून बनलेल्या लायकेनचे, आडवे पट्टे असतात, हे पाठ्यपुस्तकात आणि व्हिडिओत पाहून विदर्भातल्या अनेक शाळा-कॉलेजांचे गट आपल्या गावच्या तलावावर तसेच पट्टे शोधायला जातात. कल्पना चांगली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा (माजी मालगुजारी) तलाव, पश्चिमेकडचे पाझर तलाव, नदीचे दगडी घाट या सगळ्या ठिकाणी पाण्याची पातळी वर्षभर वरखाली होते. दगडाचा कुठला भाग किती महिने बुडालेला राहतो, त्यावर तिथे काय उगवेल हे बरंचसं ठरतं. पण हाती येणाऱ्या नोंदी बहुतेक वेळा निरुपयोगी असतात. "पाण्यापासून तीन फुटांवर राखाडी डाग" असं लिहिलेलं असतं. कुठल्या दिवसाच्या पाण्यापासून, ते नसतं. दोन महिन्यांनी पाणी खाली गेलं की ती नोंद कुणालाच वापरता येत नाही.

चूक बहुधा क्रमात होते. लोक आधी नाव शोधतात, मग फोटो काढतात आणि उंची शेवटी अंदाजाने लिहितात. खालची पद्धत नेमकी उलटी आहे: आधी शून्य, म्हणजे जिथून उंची मोजायची ती पक्की पातळी, ठरवायचा, मग उंची, मग नोंद, आणि नाव सर्वांत शेवटी. नाव आलं नाही तरी चालतं. शून्य चुकला तर पुढचं सगळं वाया जातं.

टप्पा १ : जागा आणि वेळ निवडणे

दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळा संपलेला असतो, तलाव बऱ्यापैकी भरलेला असतो आणि पाणी अजून पाळीच्या दगडांना टेकलेलं असतं. पाणी दगडांना टेकलेलं असणं फार महत्त्वाचं आहे; का, ते तिसऱ्या टप्प्यात येईल. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर पाणी मधल्या खोलगट भागात गेलेलं असतं आणि उंची मोजणं अवघड होऊन बसतं.

पाळीचा असा भाग निवडा जिथे दगडी पिचिंग (पाळीच्या उतारावर बसवलेले दगड) जुनी आहे आणि हललेली नाही. हे डोळ्यांनी नेहमी कळत नाही, म्हणून विचारा. गावातल्या जुन्या माणसांना, आणि तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना. "काका, या बाजूचे दगड मागच्या पंधरा-वीस वर्षांत कोणी हलवले का? पाळ फुटली होती का? गाळ काढताना मशीन इथून खाली उतरली का?" एवढे तीन प्रश्न पुरेत. खडकाला चिकटून वाढणारी शैवाकं वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबात पसरतात. दुरुस्तीत आलेल्या नव्या दगडावर ती नसतील, तर त्याचं कारण पाणी नाही, दगडाचं वय आहे. नव्या आणि जुन्या दगडांची सीमा ही पाण्याची रेषा समजून काढलेले आलेख फार पाहायला मिळतात.

पुढील जागा टाळा:

- धुण्याचा घाट. साबण आणि ब्लीचमुळे दगड साफ होतात.
- पोळ्याला बैल धुतात ती उतरण. दगड घासले जातात आणि माती बसते.
- मूर्ती विसर्जनाची जागा.
- चुना किंवा ऑइल पेंट लावलेले दगड.
- सिमेंटने दर्जा (दगडांमधल्या फटी) भरलेली पिचिंग, किंवा घेतलीच तर सिमेंटचा भाग आणि दगडाचा भाग वेगवेगळा नोंदवा. सिमेंटमध्ये चुना असतो, त्यावर येणारी शैवाकं बेसाल्टवरच्यांपेक्षा वेगळी असतात.

दगड कोणता आहे तेही लिहा. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ या पट्ट्यात बहुतेक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. राजुरा, कोरपना, वणीकडे चुनखडक मिळतो. पूर्वेकडे ग्रॅनाइट आणि नाइस हा पट्टेदार खडक. दोन तलावांची तुलना करायची असेल तर दगड एकाच जातीचा असलेला बरा.

सावधान: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांत आणि लोणार अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय असं काम करू नका. मार्कंडा किंवा लोणारसारख्या ठिकाणच्या संरक्षित देवळांच्या दगडांवर खडूची रेघसुद्धा मारायची नाही.

टप्पा २ : साहित्य

यातलं बहुतेक सगळं गावातच मिळतं. गवंड्याकडून दोन वस्तू मागून आणा: लेव्हल काढायचा पारदर्शक पाइप, दहा मीटरच्या आसपास लांब, आणि ओळंबा. त्यांच्याकडून पाइप धरायची रीत पाच मिनिटं शिकून घ्या. पुस्तकातून ती इतकी लवकर समजत नाही. याशिवाय हवं:

- स्टीलचा मेजरिंग टेप. शिंप्याचा कापडी टेप नको, तो ओला झाला की ताणला जातो.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सोनाराच्या डोळ्याला लावायचं असतं तसलं चालतं.
- पांढरा खडू. ऑइल पेंट किंवा मार्कर नको.
- साध्या पाण्याची स्प्रे बाटली.
- शिवणाची एक सुई.
- पंधरा सेंटिमीटरची पट्टी, फोटोत माप दिसण्यासाठी.
- होकायंत्र, मोबाइलमधलं चालेल.
- पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. पेनाची शाई पाण्याने पसरते.

एक चौकट घरी बनवा. बांबूच्या चार कामट्या किंवा जाड तार घेऊन आतून २० बाय २० सेंटिमीटरचा चौरस करा. दर २ सेंटिमीटरवर दोरा बांधा, आडवे नऊ, उभे नऊ. आत १०० चौकोन तयार होतात. एक चौकोन म्हणजे एक टक्का, म्हणून नंतर गणित करावंच लागत नाही.

तपासा: चौकट बनल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले नाहीत तर चौकट तिरकी झाली आहे.

टप्पा ३ : शून्य ठरवणे

सगळ्या कामाचा कणा हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आजच्या पाण्याची पातळी हा शून्य धरायचा नाही. धानाला पाणी सुटलं की ती उतरते, उन्हाने उतरते, अवकाळी पावसाने चढते. शून्य अशी वस्तू हवी जी पुढच्या वर्षीही तिथेच असेल. तलावाला ती वस्तू आहे: सांडव्याचा माथा. तलाव पूर्ण भरला की पाणी तिथून वाहून जातं, म्हणजे त्या उंचीच्या वर पाणी फारसं चढत नाही आणि जास्त वेळ टिकत नाही. शैवाकांच्या दृष्टीनेही महत्त्वाची उंची तीच.

काही गावांत पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यावर रेतीच्या बोऱ्या किंवा फळ्या रचतात. तसं असेल तर शून्य पक्क्या बांधकामाचा माथाच धरा, आणि बोऱ्या किती सेंटिमीटर उंच होत्या, कुठल्या वर्षापासून रचतात, ते वहीत लिहा. त्यामुळे भरतीची खरी रेषा वर सरकलेली असते.

आता प्रश्न असा, की सांडवा पाळीच्या एका टोकाला आणि तुमचे जुने दगड दोनशे मीटर लांब. पाइप तेवढा पुरणार नाही. इथे तलावच मदत करतो. वारा नसलेल्या सकाळी तलावाचं पाणी सगळीकडे एकाच पातळीत असतं. तेव्हा क्रम असा:

१. सकाळी लवकर, पाणी शांत असताना सांडव्यावर जा. पाइपमध्ये पाणी भरा. आत बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर दोन्ही टोकांची पातळी जुळत नाही. पाण्यात चिमूटभर हळद टाकली की पातळी स्पष्ट दिसते.

२. पाइपचं एक टोक सांडव्याच्या माथ्याशी धरा, दुसरं पाण्याच्या काठाशी उभ्या धरलेल्या काठीला लावा. दोन्ही टोकांवरचे अंगठे काढा. अंगठा राहिला तर पाणी अडकतं आणि माप खोटं येतं. पाण्याची पातळी माथ्याशी जुळेपर्यंत टोक वरखाली करा. जुळली की काठीवर खडूने खूण करा.

३. काठीवरच्या खुणेपासून तलावाच्या पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. समजा ते ६४ सेंटिमीटर आलं. म्हणजे आज पाणी शून्याच्या ६४ सेंटिमीटर खाली आहे.

४. लगेच, वारा सुटायच्या आत, निवडलेल्या दगडांपाशी जा. तिथल्या पाण्यापासून सरळ वर ६४ सेंटिमीटर मोजलं की तुमचा शून्य मिळतो. त्या उंचीवर दगडांवर खडूची बारीक आडवी रेघ ओढा.

इथून पुढे शून्याच्या वरची उंची अधिक, खालची उणे. पाण्यापासून ९१ सेंटिमीटरवर पट्टा सुरू होत असेल तर त्याची खरी उंची ९१ वजा ६४, म्हणजे +२७. महिन्याभराने पाणी सांडव्याच्या १८० सेंटिमीटर खाली असेल, तेव्हा त्याच पट्ट्याची कड पाण्यापासून २०७ सेंटिमीटरवर दिसेल. २०७ वजा १८० पुन्हा +२७. पाणी कितीही उतरलं तरी हा आकडा बदलत नाही. तो बदलला तर मोजणी चुकली आहे, पट्टा सरकलेला नाही.

तपासा: काम संपल्यावर सांडव्यावर परत जाऊन पाण्याचं अंतर पुन्हा मोजा. पहिल्या आकड्याशी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर वाऱ्यामुळे किंवा पाणी सोडल्यामुळे पातळी हलली. त्या दिवसाच्या नोंदीवर तसा शेरा मारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

नदीवर काम करत असाल तर ही युक्ती चालत नाही. वाहत्या पाण्याला उतार असतो. तिथे घाटाची एखादी पक्की पायरी किंवा पुलाच्या खांबावरची पूरखूण शून्य धरा आणि पाइपने टप्प्याटप्प्याने, दहा-दहा मीटर पुढे नेत, दगडांपर्यंत पातळी आणा. प्रत्येक टप्प्यावर थोडी चूक होते, म्हणून शून्यापासून फार लांबचे दगड घेऊच नका.

सावधान: धरणाखालच्या नदीपात्रात, म्हणजे गोसीखुर्द, अप्पर वर्धा किंवा इसापूरच्या खालच्या बाजूला, विसर्गाची माहिती घेतल्याशिवाय उतरू नका. पिचिंगच्या दगडांच्या फटींत घोणस आणि विंचू असतात. हात घालण्याआधी काठीने वाजवा, बूट घाला. पुलाखाली आग्या मोहोळ असेल तर ती जागा सोडून द्या.

टप्पा ४ : रेषा आखणे आणि चौकट ठेवणे

पाळीचा पाण्याकडचा उतार तिरका असतो. टेप दगडांवर आडवा टाकून मोजलं की येतं ते तिरकं अंतर, उंची नव्हे. दोन फूट पुढे गेल्यावर एक फूट उतरणारी पाळ असेल, तर तिच्या अंगावरून १०० सेंटिमीटर वर चढलं तरी खरी उंची फक्त ४५ सेंटिमीटरच्या आसपास वाढते. हा फरक इतका मोठा आहे, की दोन वेगवेगळ्या उताराच्या पाळींची तुलना करताना सगळा निष्कर्षच उलटा येऊ शकतो.

म्हणून उंची नेहमी उभी मोजा. एकाने शून्यरेषेवर काठी उभी धरायची, ओळंब्याने ती सरळ आहे का पाहायचं. दुसऱ्याने पाइप लावून काठीवरच्या मापाची पातळी दगडावर आणायची. दर २० सेंटिमीटर उंचीला खडूचा एक ठिपका. खाली −६० पासून वर +१४० पर्यंत गेलात तर एका रेषेवर अकरा ठिपके होतात. पाणी −६० च्या वरच असेल तर जेवढं उघडं आहे तिथपासून सुरू करा. बुडालेल्या दगडासाठी पाण्यात उतरायचं नाही.

एक रेषा पुरत नाही. एखादा दगड वेगळ्या खाणीचा असतो, एखाद्यावर बाभळीची सावली असते. एकाच पाळीवर पाच-पाच मीटरच्या अंतराने तीन रेषा घ्या. तीन रेषा, तेहतीस चौकटी. तीन-चार जणांच्या गटाला हे काम दोन सकाळी लागतील असं धरून चला. घाईने एकाच दिवशी उरकलं की शेवटच्या चौकटी अंदाजाने भरल्या जातात, आणि त्या बहुधा वरच्या, म्हणजे शैवाकांनी सर्वांत भरलेल्या असतात.

रेषा कुठे टाकायची हे सुंदर डाग पाहून ठरवू नका. पाळीवर चालत पावलं मोजा आणि ठरलेल्या पावलावर जी जागा येईल ती घ्या. उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्रावर पाहून लिहा. विदर्भाच्या उन्हाळ्यात दक्षिणेकडे तोंड असलेला काळा दगड आणि उत्तरेकडचा दगड यांच्या तापण्यात मोठा फरक असतो. तो न लिहिता दोन तलावांची तुलना करणं योग्य नाही.

टप्पा ५ : हे खरंच शैवाक आहे का?

तलावाच्या दगडावर शैवाकासारखं दिसणारं बरंच काही असतं. चौकट मोजण्याआधी त्यात दिसणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या डागावर भिंग धरा.

हिरवा बुळबुळीत थर, ओला असताना बोटाला लागणारा आणि वाळला की पापडासारखा सुटणारा, तो शेवाळाचा. त्याला ठरावीक कड नसते. बारीक पानं दिसली तर ते मॉस.

काळे ओघळ सर्वांत फसवे. पाणी झिरपतं त्या वाटेवर नील-हरित शैवालाचे काळे पट्टे येतात; ओले केले की ते फुगतात आणि चिकट होतात, पण त्यांवर शैवाकांवर असतात तशा बारीक वाट्या किंवा ठिपके दिसत नाहीत. नदीपात्रातल्या गोट्यांवर मँगनीज आणि लोहाचा काळा, किंचित चकचकीत मुलामा असतो. त्याला जाडीच नसते. सुई टेकवली तरी काही उचललं जात नाही. खरं काळं कवची शैवाक भिंगाखाली पाहा: बारीक भेगांनी विभागलेला पृष्ठभाग आणि त्यात बुडालेले किंवा उचललेले काळे बारीक फुगवटे. ही त्यांची बीजाणू तयार करणारी अंगं. परदेशी समुद्रकिनाऱ्यांवर अशाच काळ्या शैवाकांचा पट्टा तेलगळतीचं डांबर म्हणून कळवला जातो, तेव्हा चुकण्यात नवल नाही. पण भिंग न लावता "काळं शैवाक" असं लिहू नका.

पांढरा खरखरीत थर सिमेंटच्या दर्जातून खाली ओघळलेला असेल तर तो चुना. त्यावर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना. ही चाचणी चुनखडकावर करू नका, तिथे खडकच बुडबुडे देतो. चंद्रपूरच्या सिमेंट पट्ट्यात दगडांवर धूळ बसून घट्ट झालेली असते, तीही पाण्याच्या फवाऱ्याने आधी धुऊन पाहा.

शून्याच्या खाली एक चीज हमखास गोंधळ करते: गोड्या पाण्यातला स्पंज. पाणी उतरल्यावर तो दगडावर करड्या-हिरवट, ठिसूळ, गवताच्या भुशासारख्या थराच्या रूपात वाळतो आणि त्यात मोहरीहून बारीक गोल दाणे दिसतात. हाताने चोळू नका, त्याच्या बारीक काट्यांनी खाज सुटते. तो शैवाक नाही, प्राणी आहे; पण त्याची नोंद जरूर करा, कारण स्पंज जिथे आहे तिथे पाणी बराच काळ होतं याचा तो पुरावा आहे.

एवढं करूनही शंका राहिली तर डागाच्या कडेजवळ सुईने एकच बारीक ओरखडा काढा. ओला केल्यावर वरच्या सालीखाली हिरवा थर दिसला तर ते शैवाक. बुरशीच्या आत राहणाऱ्या शैवालाचा तो थर. नील-हरित शैवाल असलेल्या शैवाकांत हा थर निळसर-काळपट दिसतो, तेव्हा हिरवं दिसलं नाही म्हणून लगेच नाकारू नका. एका प्रकारासाठी एकच ओरखडा, प्रत्येक डागावर नाही.

टप्पा ६ : नोंद, याच क्रमाने

चौकट ठिपक्यावर मध्यभागी ठेवा. मग:

१. कोरडा फोटो. चौकटीत पट्टी आणि पाटीचा कागद ठेवा: तलाव, रेषा, उंची, तारीख. कॅमेरा दगडाला काटकोनात.

२. कोरडा रंग लिहा. ओलं झाल्यावर शैवाकाची वरची साल पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग वर येतो. राखाडी दिसणारं एकदम हिरवट दिसू लागतं. म्हणून आधी पाणी मारलं तर कोरडा रंग त्या सकाळी पुन्हा मिळत नाही. सकाळी दव पडलं असेल तर दगड वाळेपर्यंत थांबा.

३. बांधणी लिहा. दगडाला रंगासारखं घट्ट चिकटलेलं म्हणजे कवची. कडा सुटणारं, खालून-वरून वेगळ्या रंगाचं म्हणजे पानासारखं. दोऱ्यासारखं किंवा झुडपासारखं उभं राहणारं तिसरं. ते पाळीच्या दगडावर क्वचितच दिसेल.

४. चौकोन मोजा. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरायचा, कमी असेल तर सोडायचा. प्रत्येक प्रकार वेगळा मोजा. उघडा दगड, माती आणि शेवाळ यांचेही चौकोन लिहा.

५. आता फवारा मारा, दोन मिनिटं थांबा आणि ओला फोटो काढा.

तपासा: चौकोन दोघांनी वेगवेगळे मोजावेत, एकमेकांचे आकडे न सांगता. पाचपेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्याने मोजावं. दिवसाच्या सुरुवातीच्या तीन-चार चौकटींवर एवढं केलं की सगळ्यांचे डोळे एका मापाला येतात.

प्रकारांना नावं देऊ नका, खुणा द्या: "अ – काळं, कवची, फुगवटे", "ब – राखाडी, पानासारखं, मध्ये भुकटी", "क – केशरी, कवची, वाट्या". हीच यादी तिन्ही रेषांना आणि पुढच्या वर्षीही वापरा. पहिल्या चौकटीतच मोबाइलच्या ॲपने दिलेलं नाव लिहिलं की पुढच्या बत्तीस चौकटींत डोळे तेच नाव शोधत राहतात.

वरच्या दगडांवर बगळे आणि पाणकावळे बसत असतील, विष्ठेचे पांढरे डाग दिसत असतील, तर तसं लिहा. अशा खताळलेल्या दगडांवर केशरी-पिवळी शैवाकं जास्त येतात. हे समुद्रकाठच्या पक्ष्यांच्या बैठकीच्या खडकांवरही असंच घडतं. पाण्याच्या पातळीशी त्याचा थेट संबंध नसतो.

टप्पा ७ : समुद्राचा आराखडा तलावावर लादू नका

ब्रिटनसारख्या थंड किनाऱ्यांवरच्या खडकांवर खालून वर जाताना आधी काळा पट्टा, मग केशरी, मग राखाडी असा क्रम दिसतो. काळ्यात हायड्रोपंक्टॅरिया मौरा, केशरीत कॅलोप्लाका गटातली शैवाकं, राखाडीत रामालिना आणि लेकॅनोरा. त्यामागे दोन गोष्टी आहेत: दिवसातून दोनदा चढणारी-उतरणारी भरती आणि खारं पाणी. सर्वांत खालच्या शैवाकाला रोज पाण्याखाली आणि रोज उन्हात राहावं लागतं. वरच्यांना फक्त लाटांचे खारे तुषार सोसावे लागतात.

मामा तलावात यातलं काहीच नाही. पाणी गोडं. भरती वर्षातून एकदा, पावसाळ्यात, आणि ओहोटी उन्हाळ्यापर्यंत चालणारी. खालचा दगड सलग कित्येक महिने बुडालेला, मग सलग कित्येक महिने तापलेला. त्यात गाळ. त्यामुळे "केशरी पट्टा सापडला नाही" ही चूक नव्हे, आणि नसलेला केशरी पट्टा दोन डागांवरून ओढून ताणून काढण्याची गरज नाही. तुमच्या चौकटींत +४० वर राखाडी सुरू होत असेल आणि काळं कुठेच नसेल, तर नोंद तीच. पट्टे न दिसता हळूहळू वाढत जाणारं आच्छादन दिसलं, तरीही तीच.

कोकणात सहल नेणार असाल तर हीच वही, हीच चौकट तिथे चालते. शून्य मात्र बदलतो: भरतीच्या वेळापत्रकातून त्या दिवशीची भरतीची वेळ काढा, त्या वेळेला पाणी कुठवर आलं त्याची खूण करा आणि काम ओहोटीत करा. भरतीची उंची रोज बदलते, म्हणून हा शून्य त्या दिवसापुरताच. किनाऱ्यावर भरती परत येते, हे विदर्भातल्या मुलांना आधी नीट समजावून सांगा. तलावाच्या सवयीने ती खडकांवर निर्धास्त बसून राहतात.

टप्पा ८ : नमुना घ्यायचाच असेल तर

बहुतेक गटांना नमुन्याची गरज नाही. फोटो पुरतात. एक तळहात भरेल एवढं कवची शैवाक खरवडलं तर ते तिथे परत यायला कित्येक वर्षं लागतात आणि पुढच्या वर्षीची तुमची चौकट बिघडते.

तज्ज्ञाने मागितलाच, तर चौकटीच्या बाहेरच्या दगडावरून, नखाएवढा, आणि तो प्रकार भरपूर असेल तिथूनच. नमुना कागदाच्या पुडीत ठेवा, पॉलिथिनमध्ये नाही. पॉलिथिनमध्ये घाम येऊन बुरशी चढते. सावलीत वाळवा. पुडीवर तलाव, गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, शून्यापासूनची उंची, दगडाचा प्रकार, तारीख आणि तुमचा नोंद क्रमांक. उंची नसलेली पुडी या कामासाठी बिनकामाची. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचे संग्रह आहेत. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागामार्फत आधी विचारून मगच पाठवा.

शैवाकांवर रसायनांचे थेंब टाकून रंग बदलतो का पाहतात. कॅलोप्लाकासारखी केशरी शैवाकं पोटॅशियम हायड्रॉक्साइडने जांभळट-लाल होतात. ही चाचणी प्रयोगशाळेत, सुट्या तुकड्यावर, शिक्षकांसमोर. तलावावर नाही, शाळेच्या मुलांच्या हातात नाही.

सावधान: हे द्रावण कातडी आणि डोळे भाजतं. दुसऱ्या चाचणीत ब्लीच वापरतात. ते संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

टप्पा ९ : नावं आणि आलेख

आता नावं शोधा. मध्य भारताच्या कोरड्या भागांतून पायक्सिन, डिरिनॅरिया, पार्मोट्रेमा ही पानासारखी किंवा दगडाला चापून बसलेली, आणि पेल्टुला, एंडोकार्पॉन, कॅलोप्लाका ही खडकावर येणारी शैवाकं नोंदली गेली आहेत. यापैकी काही तुमच्या यादीत असू शकतील. तज्ज्ञाच्या खात्रीशिवाय प्रजातीपर्यंत जाऊ नका. "पेल्टुला असावं" इतकंच लिहिलं तर ती नोंद पुढेही उपयोगाची राहते, चुकीचं पक्कं नाव लिहिलं तर ते दुरुस्त करायला कोणी येत नाही. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकताना वर्णनात शून्यापासूनची उंची आणि दगडाचा प्रकार लिहा.

आलेख साधाच काढा. उभ्या अक्षावर उंची, −६० ते +१४०, मध्ये शून्याची जाड रेघ. आडव्या अक्षावर टक्के. प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग, तिन्ही रेषांची सरासरी. सरासरीसोबत तिन्ही रेषांचे ठिपकेही दाखवा. नाहीतर एका रेषेवरच्या एका विचित्र दगडाने सगळा आलेख ओढला गेला तरी कळत नाही.

तपासा: आलेखात कुठल्याही उंचीवर अचानक उडी दिसली, तर त्या चौकटींचे फोटो पुन्हा उघडा. नवा दगड, रंग, सिमेंट, साबण किंवा पक्ष्यांची बैठक यांपैकी काही नाही ना, याची खात्री झाल्यावरच ती उडी पाण्याच्या पातळीशी जोडा.

नोंदींच्या दोन प्रती करा. एक शाळेत किंवा कॉलेजात राहील. दुसरी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे लोक जैवविविधता नोंदवही ठेवणं हे या समितीचं काम आहे, आणि त्या नोंदवहीत शैवाकांचं पान बहुतेक गावांत कोरंच असतं. सोबत सांडव्याचा एक फोटो लावा, ज्यावर शून्य म्हणून धरलेल्या माथ्यावर बाण काढलेला असेल. पुढच्या वर्षी वेगळी मुलं, वेगळे शिक्षक येतील. त्यांना तोच दगड सापडला नाही तरी तोच शून्य सापडला पाहिजे. सांडव्याची दुरुस्ती निघाली, माथा वाढवला किंवा फोडला, तर त्या आठवड्यातच जुन्या आणि नव्या माथ्यातला फरक पाइपने मोजून दोन्ही प्रतींत लिहून ठेवा.